मागच्या बागेतला उघडा माणूस

मी शिरीष टिल्लू. वय एकसष्ट, उंची पाच फूट चार इंच, नजर घारीसारखी, मात्र चष्मा लावल्यावर. सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत मी सव्वीस वर्षं हरवलेले कंटेनर शोधण्याचं काम केलं. त्यातले बरेच सापडले. काही तर मी शोधायला लागायच्या आतच सापडले. निवृत्तीनंतर ही बुद्धी गंजू नये म्हणून हौगांगमधल्या आमच्या गल्लीचा गुप्तहेर म्हणून मी स्वतःची नेमणूक केली. गल्लीला याची कल्पना नाही. गुप्तहेराबद्दल ती नसावीच.

हे प्रकरण गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सुरू झालं. आमच्या घरामागे छोटी बाग आहे, बागेपलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे दुसऱ्या रांगेतल्या घरांच्या खिडक्या. त्यातल्या एका माडीवर मिसेस लिम राहतात. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्याचं त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. त्यांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "दोन दिवस रोज सकाळी सव्वासातला समोरच्या एका बागेत पूर्ण नग्न पुरुष दिसतो. झाडांमुळे घर नक्की कळत नाही, पण सोळा, अठरा, वीस यांपैकीच. तो सारखा वाकतो. हे थांबलं नाही तर मी पोलिसांना कळवणार."

अठरा म्हणजे आम्ही. सिंगापुरात माणूस स्वतःच्या बागेत जरी दुसऱ्यांना दिसेल असा नागडा उभा राहिला, तरी तो गुन्हा ठरतो. मला हा कायदा अतिशय आवडतो. नागडेपणाबद्दल माझी मतं कडक आहेत. आमच्या घराण्यात माणसं आंघोळसुद्धा पंचा नेसून करतात.

मी ताबडतोब संशयितांची यादी केली. वीस नंबरचं घर सहा महिने रिकामं होतं, म्हणून मी ते पहिल्या क्रमांकावर ठेवलं. रिकाम्या घरातल्या माणसाला कपडे करायचं कारणच काय? नंदा, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "अहो, रिकाम्या घरात माणूसच नसतो." मुद्दा बरा होता. मी वीस नंबर खोडला.

सोळा नंबरमध्ये ब्रेट नावाचा ऑस्ट्रेलियन राहतो. गोरा, धिप्पाड, शनिवारी बागेत सॉसेज भाजणारा. मी एक मोदक घेऊन चौकशीला गेलो.

"तुमच्या देशात बागेत कपडे काढतात असं ऐकतो," मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काढतात काही जण. माझी आजी काढायची," ब्रेट म्हणाला. "शेजारी हात हलवायचे, आजीही हलवायची. पण इथे? मी कचरा टाकायलासुद्धा शर्ट घालून जातो. मिसेस लिमची भीती वाटते मला."

"सव्वासातला कुठे असता?"

"झोपलेला. दुसरा मोदक आहे का?"

खरा गुन्हेगार दुसरा मोदक मागत नाही, असा माझा अनुभव आहे. ब्रेट सुटला. उरलं आमचंच घर.

आमच्या घरात पुरुष दोन. एक मी आणि दुसरा रवींद्र. रवींद्र आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मूळचा चिंचवडचा, जुरोंग आयलंडवर इंजिनियर. पहाटे कंपनीच्या बसने जातो, पण त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती. म्हणजे सकाळी सव्वासातला तो घरी असायचा. शिवाय मी दोरीवर पाहिलं, तर त्याचे शर्ट फक्त तीन. ज्याला एवढे कमी कपडे पुरतात, त्याला आणखी कमीही पुरत असतील. पुरावे असे आपल्या पायांनी चालत येतात.

तरी मी घाईचा माणूस नव्हे. गुन्हेगाराला मी रंगेहाथ पकडायचं ठरवलं. रोज सकाळी गणपतीसाठी दुर्वा काढायला मी बागेत जातोच. तेव्हाच पहारा करायचा, म्हणजे कुणाला संशय नको. चौथ्या दिवशी मी एकवीस दुर्वा खुडता खुडता चौफेर नजर ठेवली. कोणीही आलं नाही. आत येऊन पाहतो तर मिसेस लिमचा मेसेज: "आजही होता."

पाचव्या दिवशी मी पपईच्या झाडामागे दडून बसलो. चिटपाखरू नाही. मेसेज आला: "आज तो झाडामागे लपून माझ्या खिडकीकडे बघत होता." माझ्या अंगावर काटा आला. माणूस माझ्यापासून दहा फुटांवर असणार आणि मला दिसला नाही! सहाव्या दिवशी मी जमिनीलगत रांगत बागेची तपासणी केली. त्या दिवशीचा मेसेज मी इथे देत नाही.

मग ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. अठरा नंबरमध्ये एक एकटा तरुण भाडेकरू आहे, असं कोणीतरी लिहिलं. त्यावर कोणीतरी अंगठा दिला. तो अंगठा माझा होता, हे मी आज लाजत सांगतो.

रवींद्रने पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज केलेला होता. तो झाला की बायको चैत्राली आणि दोन वर्षांची गार्गी इथे येणार, असं त्या दोघांचं ठरलेलं. पोलिसांत नाव गेलं असतं तर सगळंच मुसळ केरात. हे मला ठाऊक होतं. तरी सातव्या दिवशी जेवणानंतर मी त्याला म्हणालो, "रवींद्र, तू दुसरी जागा बघ. प्रकरण घरापर्यंत यायला नको."

त्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "काका, मी तसा वाटतो का तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नाही. मी पुराव्यांवर जातो."

"बरं," एवढंच म्हणून तो वर गेला. नंदा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आमटीत मीठही नव्हतं, पण त्याबद्दल विचारायची सोय नव्हती.

नवव्या दिवशी रवींद्रची टॅक्सी आठला येणार होती. त्याची मोठी बॅग खाली जिन्यापाशी आलेली. नंदा सकाळी सातलाच डब्यात मोदक घालून कुठेतरी गेली. मी दुर्वा काढत होतो. एवढ्यात कुंपणावर ठेवलेला फोन वाजला. फोन सोवळ्यात चालतो, असा मी आमच्या घराण्यात नवा नियम केलेला आहे.

"अहो," नंदा म्हणाली, "मी मिसेस लिमकडे आलेय. रवींद्रचं नाव पोलिसांत देऊ नका म्हणून सांगायला. त्या म्हणाल्या, बस, तो आता येईलच, स्वतःच बघ."

"मग? दिसला?"

"दिसतोय. समोरच आहे. फोनवर बोलतोय."

मी झटकन मागे वळलो. बाग रिकामी होती. "कुठे? मला दिसत नाही."

"जरा डावा हात वर करा बघू."

मी हात वर केला. फोनमधून मिसेस लिमचा खास सिंगापुरी 'लाह'सकट आवाज आला, "हाच लाह! हाच तो माणूस!"

आता मी काय नेसलो होतो ते सांगणं भाग आहे. सोवळं. पुण्याहून आणलेलं रेशमी सोवळं, रंग बदामी. आंघोळ करून नेसायचं, मग पूजा होईपर्यंत कशाला शिवायचं नाही. वर सदरा घालायचा प्रश्नच नाही. माझ्या दृष्टीने माणूस याहून जास्त नेसलेला असू शकत नाही. पण माझा वर्णही बदामी. अंग ओलं, म्हणून रेशीम चिकटलेलं, पुढे गुडघ्याएवढं कुंपण. माडीवरून पाहिलं की सोवळं कुठे संपतं आणि टिल्लू कुठे सुरू होतो ते कळत नाही. नंदालाही कळलं नाही, आणि तिने मला छत्तीस वर्षं पाहिलेलं आहे.

"त्यांना सांग, हा आमचा देवाच्या पूजेचा पोशाख आहे," मी म्हणालो.

"सांगितलं. त्या विचारतायत, देवाला शर्ट चालत नाही का?"

घरात येऊन मी ग्रुपसाठी सविस्तर अहवाल लिहायला घेतला. त्यात सोवळ्याची परंपरा, रेशमाचे गुणधर्म आणि सकाळच्या उन्हाचा कोन असे तीन भाग होते. नंदा तोवर परतली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला, सगळं पुसलं आणि लिहिलं: "तो माणूस मी होतो. शिरीष टिल्लू, अठरा नंबर. रवींद्रचा काहीही संबंध नाही. सर्वांची माफी मागतो." मग फोन माझ्यापुढे धरला. "पाठवायचं बटण तुम्ही दाबा."

एकसष्ट वर्षांची अब्रू होती. मी दाबलं. पहिला अंगठा ब्रेटचा आला. मग मिसेस लिमनी लिहिलं: "तपास बंद. रवींद्रला माझं सॉरी सांगा. मोदक छान होते."

रवींद्र जिन्यापाशी बॅगेवर बसून फोनवर हे वाचत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"काका, एक विचारू?" तो म्हणाला. "रोज त्याच वेळी, त्याच बागेत तुम्ही एकटेच. एकदाही स्वतःचा संशय आला नाही?"

"नाही रे. माणूस चांगल्या घरातला होता."

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. "मीपण चांगल्या घरातलाच आहे, काका."

फार वाईट वाटलं. टॅक्सी रद्द कर म्हणालो, आणि त्याला उठवून ती बॅग उचलली. पूजा अजून व्हायची होती. नंदा आतून ओरडली, "अहो, सोवळ्यात आहात तुम्ही!"

"परत आंघोळ करीन," मी म्हणालो आणि जिना चढायला लागलो.