वायरमन अण्णांचा पिक्चर

आमचे शेजारी अंबादासअण्णा कांप्युटर चालू करायच्या आधी पायात गमबूट आणि हातात रबरी हातमोजे घालतात. उन्हाळ्याची काहिली असो की घरात पाहुणे असोत, मोजे चढवल्याशिवाय बटणाला बोट लागत नाही. सगळी नोकरी वायरमन म्हणून खांबावर काढली आणि रिटायर झाल्यावर टेबलावरच्या डब्याला घाबरतो, असं गल्लीतले लोक म्हणतात. अण्णांना ते मान्य नाही. "भीत न्हाय," ते म्हणतात, "मान देतो."

दुसरी गोष्ट म्हणजे लोड. आमच्या बेंबळी गावात कुणाच्याही घरी काहीही निघालं की अण्णांचा पहिला प्रश्न, "लोड किती?" लग्नाची पत्रिका हातात घेतली की, "लोड किती, पाचशे पानं व्हतील का?" माझ्या मुलीनं दहावीनंतर सायन्स घेतलं तेव्हा पेढा तोंडात टाकत त्यांनी विचारलं, "पोरीला लोड झेपंल न्हवं?" एकदा तर देवळात कीर्तनकार ब्रह्मांडाबद्दल बोलत होते. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एवढं सगळं एकाच फेजवर चालतंय म्हणा की."

हा कांप्युटर त्यांच्या जावयानं पुण्याहून आणून दिलेला, जुना. वर्षभर त्यावर फक्त टॉवेल होता. मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि सगळी माणसं रानात जेवायला जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, शेंगाभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीची भाकरी, मडक्यातली ताकाची आंबील. त्या दिवशी अण्णांनी लेकीच्या मोबाइलनं दिवसभर शूटिंग केलं आणि संध्याकाळी माझ्याकडं येऊन जाहीर केलं, "सर, ह्याचा पिक्चर करायचा. पाडव्याला लेक-जावई परत येनार. त्या दिवशी टीव्हीवर लागलाच पायजे."

मी शाळेत भूगोल शिकवतो. पण एकदा मुख्याध्यापकांच्या प्रिंटरमधला अडकलेला कागद मी चिमट्यानं ओढून काढला होता. तेव्हापासून गावात मला कांप्युटरमधलं सगळं कळतं. मी जावयाला फोन करून एडिटिंगचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. अण्णांनी मोजे घालून माउस धरला. रबरामुळं एक क्लिक करायला जावं तर दोन व्हायचे. पडद्यावर काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, आंबिलीचा तांब्या उचलायच्या आणि तांब्या तोंडापर्यंत जायच्या आत चित्र थिजायचं. पंखा मात्र गिरणीसारखा घरघरायचा.

"ओव्हरलोड," अण्णांनी निदान केलं.

या वेळी ते बरोबर निघालं. आम्ही धाराशिवला एका दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा आणि बोलघेवडा. त्यानं सांगितलं, रॅम वाढवा, जुन्या हार्डडिस्कच्या जोडीला एसएसडी बसवा, आणि काका, भारीतलं एक ग्राफिक कार्डही घेऊन टाका. अण्णांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली.

"हे कार्ड किती वॅट खातंय?"

दुकानदार म्हणाला, "त्याला पॉवर सप्लाय पण मोठा लागेल, काका."

"म्हंजी एका बल्बासाठी गावचा ट्रान्सफार्मर बदलायचा. ऱ्हाऊ द्या. साधा घरगुती पिक्चर हाय, त्यात कोण मारामारी करनार न्हाय."

रॅम आणि एसएसडी घेऊन आम्ही परतलो. बसवायचं काम अण्णांनी ओसरीवर काढलं. आधी मेन स्विच पाडला. स्विचवर त्यांच्या नोकरीतली लाल पाटी लटकवली: लाइनवर माणूस आहे. घरात त्यांच्याशिवाय फक्त काकू, आणि त्या शेवग्याच्या शेंगा मोडत समोरच बसलेल्या. तरी अण्णा पाटीकडं बोट दाखवून त्यांना खुणेनं बजावत होते, कारण काकूंना अलीकडं अजिबात ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं होतं. ते डोक्यात शिट्ट्या मारतं म्हणून काकूंनी देवघरात ठेवून दिलं. चारचौघांत बसल्या की त्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहतात आणि सगळे हसले की हसतात.

रॅम पहिल्यांदा उलटी लावली, ती बसेना. त्या दिवशी अण्णांनी शब्दकोशात नसलेली पुष्कळ विशेषणं वापरली. शेवटी ती खट्कन बसली. जावयानं फोनवरून सांगितलं तसतसं मी पुढचं केलं आणि पडद्यावर काकूंनी एका दमात तांब्याभर आंबील पिऊन दाखवली. अण्णांनी मोज्याच्या हातानं टाळी वाजवली. मग म्हणाले, "सर, आता ह्याच्यात मराठी टायपिंग टाकून द्या." पिक्चरला नाव द्यायचं असेल, म्हणून मी टाकून दिलं.

त्याच दिवसांत अण्णांना आणखी एक खूळ लागलं. त्या लाल पाटीच्या मागच्या बाजूला खडूनं एखादं वाक्य लिहायचं, काकूंसमोर धरायचं आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभं राहायचं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. ओठ हलवत, अक्षराला अक्षर जोडत वाचायच्या. कधी नातीची बातमी, 'परीचा दात पडला.' कधी 'म्हैस गाभण राहिली.' म्हातारपणी अण्णांनी प्रौढशाळा काढली म्हणून गल्ली हसली, आणि मीही हसलो.

पाडव्याच्या आधी मी सहज डोकावलो, तर पडद्यावर चित्र पुन्हा थिजलेलं. "अण्णा, अजून अडकतंय?"

"लोड नीट हाय," एवढंच बोलून त्यांनी पडद्यावर टॉवेल टाकला.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर त्यांच्या बैठकीत गल्ली जमली. लेक ललिता, जावई, नात परी आणि दाराशी बायका. काकूंना अण्णांनी टीव्हीसमोर, अगदी पुढं बसवलं. पिक्चर सुरू झाला. रान, कोप, हुरडा खाणारी पोरं. जावयानं पडद्यावर आंबिलीचा घोट घेतला, तोंड वाकडं करून काहीतरी म्हटलं आणि तिथंच चित्र थांबलं.

थांबलं ते थांबलंच. खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत एक ओळ होती. जावई उठत म्हणाले, "हँग झालं वाटतं." रॅम आणायला मीही गेलेलो, त्यामुळं दाराशी बसलेल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मीही उठलो, तर अण्णांनी माझा दंड धरला.

"बसा सर. वाचतीया ती."

काकूंचे ओठ हलत होते. माझं लक्ष तेव्हा कुठं त्या ओळीकडं गेलं. 'मामी, आंबील इतकी आंबट झालीय की मडक्याचे दात शिवशिवले.' जावई सासूला मामीच म्हणतात. येळवशीच्या दिवशी यावर सगळं रान हसलं होतं. काकूही हसल्या होत्या, सगळे हसले म्हणून.

शेवटच्या शब्दावर त्यांचं बोट हवेत थांबलं. मग त्यांनी मान वळवली आणि जावयाला म्हणाल्या, "मग चार तांबे कुणी रिचवले वो, जावईबापू?"

घर नुसतं दणाणलं. जावई लाजून लाल झाले, परी त्यांच्या अंगावर चढून नाचायला लागली, आणि पिक्चर पुढं सरकला. असा तो जागोजागी थांबत गेला. परीचं गाणं, ललिताचं रुसणं, कोपेमागून आलेली मोराची हाक, सगळं खाली लिहिलेलं. काकू वाचायच्या, हसायच्या आणि तीन महिन्यांनी उत्तरं द्यायच्या. खडू, पाटी आणि घड्याळ घेऊन अण्णा काकूंना एक ओळ वाचायला किती वेळ लागतो ते मोजत होते, हे मला तेव्हा उमगलं. प्रौढशाळेला हसल्याचं वाईट वाटलं.

शेवटी संध्याकाळचं रान आलं. पाहुणे गाडीकडं निघालेले. काकू पाठमोऱ्या बसून भांडी टोपलीत भरत होत्या. मोबाइल धरलेले अण्णा कुठं दिसत नव्हते, फक्त त्यांचा आवाज आला. लग्नापासून जशी मारत आले तशीच हाक. पडद्यावरच्या काकूंनी वळून पाहिलं नाही. चित्र थांबलं.

'अगं, ऐकलंस का? लई दमलीस का आज?'

या ओळीवर चित्र बराच वेळ थांबलं होतं. काकूंनी ती वाचली, बहुतेक दोनदा वाचली. मग वळून त्यांनी माणसांच्या मागं गमबूट घालून उभ्या असलेल्या अण्णांना शोधलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या, "तुमी व्हता की."

आणि पडद्यावर काकूंनी टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या.