सालीसकट ओरिजिनल

अंबरनाथ पूर्वेचे शशिकांत कर्णिक एका रासायनिक कारखान्यात उत्पादन अधिकारी होते. १९९४ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. यातली स्वेच्छा व्यवस्थापनाची होती आणि निवृत्ती तेवढी कर्णिकांची. सत्कार झाला, शाल मिळाली, आणि पुढच्या सोमवारपासून सद्गृहस्थ घरात बसून पंख्याचा वेग कमीजास्त करू लागले.

त्यांच्या पत्नी मालिनीताई यांनी हा प्रकार काही दिवस सोसला आणि मग प्रस्ताव मांडला. बाजाराच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा होता. तिथे त्या बिरडं-पाव विकणार होत्या. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे आणि नारळ-कोकम घालून बिरडं करायचं, हे कर्णिकांकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. त्याला पावाशी जोडलं ते मालिनीताईंनी, कारखान्याच्या डब्यासाठी. तो डबा इतका लोकप्रिय होता, की कर्णिकांना स्वतःला तो क्वचितच मिळे.

"आणि पाटीवर काय लिहिणार?" कर्णिकांनी विचारलं.

"मालिनी कर्णिक यांचा बिरडं-पाव."

"म्हणजे नवऱ्याची नोकरी गेली आणि बायको पाव विकायला बसली, हे रंगवून लावायचं."

"विकणार मी, बसणार मी. तुम्हाला कुठे बसवतेय?"

कर्णिकांच्या घराण्यात आजवर कोणी गल्ल्यावर बसलेलं नसल्यामुळे प्रस्ताव फेटाळण्यात आला. मालिनीताईंच्या मनातून मात्र ती पाटी गेली नाही.

याच सुमारास पालेगावचे भगवंत भोईर उद्योजक झाले. भगवंतराव म्हणजे कबड्डीतलं एके काळचं मोठं नाव. राज्याच्या संघातून चढाई करत, आणि त्यांचा दम असा होता की प्रतिपक्ष कंटाळून बाद होई. पुढे गुडघा गेला, दम राहिला. उरलेल्या दमाचं काय करायचं, या विचारातून 'चढाई फास्ट फूड' ही कंपनी जन्मली. कंपनीने खाद्यपदार्थ विकायचे नव्हते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना तिने आपलं नाव विकायचं होतं. याला फ्रँचायझी म्हणतात, असं आम्हाला तेव्हा समजलं. आमच्या लोकांचं एक आहे. शाखा म्हटलं की ते खोट शोधतात, फ्रँचायझी म्हटलं की पेन शोधतात.

भगवंतराव कर्णिकांकडे आले, मांडीवर थाप मारून खुर्चीत बसले आणि एका दमात बोलू लागले. त्यात ब्रँड होता, एरिया होता, अमेरिका होती. कर्णिकांना एकच प्रश्न विचारायचा होता, की या हॉटेलात मिळतं काय. पण शंका विचारायला समोरचा मध्ये श्वास घेणारा असावा लागतो. भगवंतरावांनी श्वास घेतला तेव्हा कर्णिकांची सही झालेली होती.

"तोच गाळा, तोच गल्ला," मालिनीताई म्हणाल्या. "मग मी काय वेगळं सांगत होते?"

"तू दुकान सांगत होतीस. हा व्यवसाय आहे."

अटी कडक होत्या. नोकर सातच हवेत, कारण संघ सातांचा असतो. दुपारी मध्यंतर पाच मिनिटांचं. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी, की चव कंपनीच्या मूळ हॉटेलासारखी तंतोतंत हवी. मूळ हॉटेल उल्हासनगरला आहे, असं कर्णिकांना सांगण्यात आलं. उल्हासनगरचे फ्रँचायझीधारक रोचीराम वाधवा यांना ते बदलापूरला असल्याचं सांगण्यात आलं होतं, आणि बदलापूरच्या विष्णुपंत खांबेट्यांना अंबरनाथला. कंपनीने तिघांना चव-एकरूपता शिबिरासाठी कर्णिकांच्या घरी बोलावलं, तेव्हा विष्णुपंतांनी मूळ हॉटेल म्हणून कर्णिकांच्या दिवाणखान्याकडे आदराने पाहिलं. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भाई, ओरिजिनल है किधर?" रोचीराम म्हणाले. "आमच्या उल्हासनगर कॅम्पात डुप्लिकेट पण बनवतात ना, तर समोर एक ओरिजिनल ठेवून बनवतात."

भगवंतराव गडबडले नाहीत. "कबड्डी पयली कुठं खेलली, कोनाला ठावं हाय का?"

कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तरी आपन खेलतोच ना?"

तेवढ्यात मालिनीताईंनी पाहुण्यांपुढे नाश्ता ठेवला. नाश्त्याला बिरडं-पाव होता. भगवंतरावांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरी बशी मागितली आणि मांडीवर थाप मारली. "हीच ती," ते म्हणाले. "ओरिजिनल चव ती हीच." अशा रीतीने मूळ हॉटेल नसलं तरी मूळ चव सापडली, आणि तीही कंपनीला विनामोबदला.

मालिनीताईंनी शिबिरार्थींना सगळं मनापासून शिकवलं. त्यांना खरोखर आनंद झाला होता. भिजवण्यापर्यंत ठीक चाललं. सोलायची वेळ आली तेव्हा विष्णुपंतांनी एक वाल बोटांत धरला, दाबला, आणि तो उडून शोकेसमधल्या निवृत्तीच्या मानचिन्हावर आपटला.

"हे असं एकेक?" त्यांनी विचारलं.

"साल राहिली तर चरबट लागतं. कडूही लागतं."

"भाभीजी," रोचीराम हात जोडून म्हणाले, "मैं छिलता बैठूंगा ना, तर गिऱ्हाईक उद्या खाणार."

शाखांचं उद्घाटन झालं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'चढाई', खाली 'ठमाबाईंच्या हातची चव', आणि नऊवारीतल्या एका म्हाताऱ्या बाईचं चित्र. ठमाबाई म्हणजे भगवंतरावांच्या मातोश्री. ब्रँडला आई लागते, असं कंपनीचं मत होतं.

"चव माझी आहे," मालिनीताईंनी भगवंतरावांना गाठून म्हटलं. "माझं नाव एका कोपऱ्यात तरी घाला."

"वैनी, तुमचं नाव टाकलं तं ती तुमची खानावल झाली. ही कंपनी हाय."

ठमाबाई शेजारीच हार घालून बसल्या होत्या. मालिनीताईंनी त्यांना विचारलं, बिरडं तुम्ही कसं करायचात? "मना काय ठावं, बाय," म्हातारी म्हणाली. "मी शेतान जायचे. रांधाची माजी जाऊ."

वर्षभरात कंपनी भरभराटीला आली. रोचीरामकडे आणि विष्णुपंतांकडे सालीसकट बिरडं झपाट्याने तयार होई आणि तितक्याच झपाट्याने खपे. चिखलोलीत शाखा निघाली, सोनिवलीत निघाली. नवे धारक या दोघांकडे शिकले, म्हणजे वाल सोलायचा असतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. गिऱ्हाइकांना आधी कडू लागलं, मग सवय झाली, मग आवड. सालीत फायबर असतं असं कोणीतरी कुठेतरी वाचलं होतं. सोनिवलीच्या एका डॉक्टरांनी तर हा कडवटपणा अस्सल आगरी असल्याचं सांगितलं. डॉक्टर मूळचे अकोल्याचे होते.

मग कर्णिकांच्या शाखेबद्दल तक्रारी येऊ लागल्या. इथलं बिरडं गुळमट लागतं, चढाईसारखं लागत नाही. कंपनीने पंचमंडळ पाठवलं. गळ्यात शिट्टी अडकवून स्वतः भगवंतराव, सोबत रोचीराम आणि विष्णुपंत. तिघांनी चमचे बुडवले.

"साल कुठाय?" विष्णुपंतांनी विचारलं.

"काढली," मालिनीताई म्हणाल्या. "तुम्हाला शिकवलं होतं तशीच."

"भाभीजी, टेस्ट फर्स्ट क्लास है," रोचीराम खाली बघून म्हणाले. "लेकिन ओरिजिनलसारखी नाही."

सालीसकट बिरडं सुरू करायला भगवंतरावांनी आठ दिवसांची मुदत दिली. कर्णिक त्या दिवशी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आतमध्ये मालिनीताई परातीपुढे बसल्या होत्या.

"नको ना सोलूस," ते म्हणाले. "तुझेच कष्ट वाचतील. सगळे सालीचंच खातायत."

"ते खातात. मी करत नाही."

"मालिनी, पाटी जाईल."

"ती माझी कधी होती?"

कर्णिकांना हे ऐकून वाईट वाटलं. पण पाटी गेली तर आपण पुन्हा पंख्याखाली, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. मुदत संपली, शिट्टी वाजली आणि अंबरनाथची शाखा बाद झाली. पाटी उतरवायला आलेल्या माणसांनी जाताना दोन-दोन बश्या खाल्ल्या.

कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. नियमाप्रमाणे कर्णिकही झाले. रस्त्याच्या पलीकडे चढाईची नवी शाखा निघाली आणि अनुभवी माणूस म्हणून कंपनीने त्यांना तिथे मॅनेजर नेमलं. गल्ल्यावर बसायचं होतं, पण मॅनेजर म्हणून बसायचं असल्याने घराण्याची हरकत आली नाही. अलीकडच्या जुन्या गाळ्यात मालिनीताईंनी एकटीने दुकान मांडलं आणि अखेर ती पाटी लावली. 'मालिनी कर्णिक यांचा बिरडं-पाव. आमची कोठेही शाखा नाही.' या एका ओळीवर पूर्वी मराठी माणूस डोळे मिटून आत शिरायचा. आता तो पाटी वाचून म्हणायचा, शाखा नाही म्हणजे चालत नसणार.

आज तिथली स्थिती अशी आहे. पलीकडे रांग असते. अलीकडे मालिनीताई परातीपुढे बसून वाल सोलतात. दुपारच्या पाच मिनिटांच्या मध्यंतरात चढाईचं शटर अर्धं खाली येतं आणि मागच्या दाराने एक डबा आत जातो. मॅनेजर खातात, सातही नोकर खातात. हिशेब बघायला आले असले तर भगवंतरावही खातात, आणि खाताना एका दमात काहीही बोलत नाहीत. मालिनीताई डब्याचे पैसे रोख घेतात. नवऱ्याकडूनही घेतात. मग शटर वर जातं आणि रांग पुन्हा सरकू लागते.

आपल्याला कोणी असं बनवू शकणार नाही, असं तुम्हाला वाचताना वाटलं असेल. शक्य आहे. पण परवाच्या रविवारी त्या रांगेत तुम्ही आमच्या पुढेच उभे होतात. अलीकडच्या दुकानातून फोडणीचा वास आला तेव्हा तुम्ही वळून पाहिलंत, पाटीही वाचलीत. तिथे बाकं रिकामी होती. मग तुमचा नंबर लागला, आणि पहिला घास घेतल्यावर तुमचा चेहरा आम्ही पाहिला. तोंड कडू झालं होतं. तुम्ही पाणी प्यायलात आणि मुलीला म्हणालात, खा बाळा, ओरिजिनल असंच लागतं.