रहमान मिस्त्रींचा हत्ती

फटफटी दुरुस्तीला आली, की रहमान मिस्त्री आधी ती आडवी पाडायचे. म्हणजे आपटायचे नाहीत. दोन्ही हातांनी धरून, लहान मूल निजवावं तशी जमिनीवर निजवायचे. मग मालकाकडे वळून एवढंच म्हणायचे, "उचला."

मालक चक्रावायचा. बिघाड गाडीत, आणि परीक्षा माझी? मिस्त्री बिडी पेटवून शांतपणे उभे. मालकाने एकट्याने गाडी उभी केली तर प्रश्न मिटला. नाही जमलं, तरी दुरुस्ती चोख व्हायची. पण अ‍ॅक्सिलेटरच्या मुठीत लाकडाची एक खुंटी ठोकली जायची. मूठ अर्ध्यावर अडायची आणि गाडी अर्ध्याच जोराने पळायची.

"गाडी तुमची, अर्धा दम माह्यापाशी जमा," मिस्त्री सांगायचे. "उचलाले जमलं का या, घेऊन जा."

ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा बोरी अरबच्या शाळेत मास्तर होतो. मोटारस्टँडला लागून मिस्त्रींचं टिनाचं दुकान, दुकानामागे एका खोलीचं घर आणि घरात ते एकटे. शाळा सुटली की माझे पाय आपोआप तिकडे वळत. त्यांच्या हलक्या सव्वाशे सीसीच्या फटफटीवर मी चालवायला शिकलो. तिचं नाव बकरी.

एकदा पाटलांचे जावई नवीकोरी पाचशे सीसीची फटफटी घेऊन आले. पांढरी इस्त्रीची पँट, डोळ्यांना काळा चष्मा. मिस्त्रींनी गाडी निजवली. जावईबापूंनी पहिल्या झटक्यात चष्मा पाडला आणि दुसऱ्या झटक्यात पँट मागून उसवली. गाडी काही हलली नाही. पाटील तावातावाने आले.

"मिस्त्री, जावई हाय तो आमचा!"

"म्हनूनच म्हनतो ना पाटील. पोरगी बी तुमचीच हाय का नाही?"

पाटलांनी स्वतःच खुंटी ठोकायची हातोडी उचलून मिस्त्रींच्या हातात दिली.

मिस्त्रींच्या डोक्यात दुसरी गोष्ट भरली होती, ती डोक्याचीच. मोच्याकडून चामडं आणायचं, पिंजाऱ्याकडून कापूस, आणि स्वतः टाके घालून जाडजूड टोपी शिवायची. हनुवटीखाली बैलाच्या घुंगरमाळेचा पट्टा. गाव त्या टोपीला 'रजई' म्हणायचं. उन्हाळ्यात ती घालून मी बकरीवर निघालो की माझेच विद्यार्थी रस्त्यात लोटपोट व्हायचे. पण टोपी नसेल तर बकरी मिळायची नाही.

आणि हत्ती! लष्कराच्या लिलावातलं मोडकंतोडकं सामान आणून मिस्त्रींनी तीन वर्षं खपून ती थोरली फटफटी उभी केली होती. दर शुक्रवारी नमाज आटोपली की ते किक मारायचे. अख्खा बाजार तो आवाज ऐकायला थांबायचा. आमच्या चार तालुक्यांत तसं इंजिन नव्हतं, आणि ते आमच्या गावात होतं, या कल्पनेने आमच्या छात्या फुगायच्या. पाच मिनिटांनी मिस्त्री इंजिन बंद करून वर कापड टाकायचे. स्वतःही कधी बसले नाहीत.

"साठी उलटली मास्तर. हा आडवा झाला त मले उचलत नाही आता. कायदा सगळ्याईले सारखा."

त्या हिवाळ्यात शंकरपटाच्या समितीने ठरवलं, की बैलजोड्यांच्या शर्यती संपल्या की शेवटच्या दिवशी फटफट्यांची शर्यत लावायची. रस्त्यावर नाही, नांगरलेलं वावर, दोन धुरे म्हणजे शेताचे उंच बांध, आणि मधला कोरडा नाला. यवतमाळ, अमरावती, पार नागपूरकडून लोक येणार होते. गावातून मी एकटा. मी मिस्त्रींकडे हत्ती मागितला.

"उचला."

जागचा हलला नाही तो. मग दोन महिने मी पहाटे जिनिंगमध्ये जाऊन कापसाची बोचकी उचलली. बायको म्हणायची, "शायेत शिकवता का हमाली करता?" शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी बाजारासमोर मी कमरेतून वाकलो, दात आवळले आणि हत्ती उभा केला! लोकांनी टाळ्या पिटल्या. मिस्त्रींनी तो पुन्हा निजवला.

"काहून चाचा?"

"शर्यतीत मानूस एकडावच पडते का? तीन खेपा पाह्यजे."

दुसऱ्यांदाही उचलला. तिसऱ्यांदा हात सुटले. मी तिथेच मातीत बसलो आणि भडकून म्हणालो, "चाचा, गावाच्या इज्जतीचं काही पडलं आहे की नाही तुम्हाला?"

"इज्जत पुढच्या साली बी भेटते, मास्तर. मान एकच हाय," असं म्हणून त्यांनी बकरीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

शर्यतीत अकरा गाड्या होत्या. दहा थोरल्या आणि एक बकरी. लोकांची हसून मुरकुंडी. सुटताच दहाही जण धूळ उडवत दिसेनासे झाले. पण धुऱ्यावरून त्यांतल्या बहुतेक अवजड गाड्या उधळल्या आणि नाल्यात एकावर एक आडव्या झाल्या. माझ्या पुढच्या तरुणाचा पाय गाडीखाली अडकला होता, तापलेला सायलेन्सर पोटरीला लागलेला. मिस्त्री कुठून धावत आले कोण जाणे. मी बकरी टाकली, चौघांनी मिळून ती गाडी बाजूला केली. "तुमी काहून थांबले? निघा!" मिस्त्री माझ्यावरच ओरडले. मी बकरी एका हाताने उभी केली आणि निघालो.

अकरांपैकी तिघे पोचले. मी तिसरा. गावाने मला रजईसकट खांद्यावर घेतलं. मिस्त्री पुढे चालत होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "आपला मास्तर! साबूत आला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन दुकानात गेलो. हत्ती दिसेना. पोत्यावर त्याचे सुटे भाग ओळीने मांडलेले होते आणि मिस्त्री शेवटचा नट सोडवत होते. तीन वर्षांची मेहनत!

"चाचा, हे काय करून बसलात?"

ते मान खाली घालूनच बोलले. "दोन खेपा उचलला तुमी. पुढच्या पटाले तीन खेपा उचलसान, मले पक्कं मालूम हाय. मंग मले नाही म्हनता आलं नसतं. जबान देल्ली होती ना मी."

माझे वडील मी लहान असताना गेले. त्यानंतर माझ्या मानेची एवढी किंमत कोणी केली नव्हती. मी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला आणि त्यांच्याजवळ उकिडवा बसलो.

"बसलेच हाय त पाना धरा," मिस्त्री म्हणाले, आणि ऑइलच्या हातानेच त्यांनी आपले डोळे पुसले.