राऊतसाहेबांचा फुटपाथ

आमच्या लेआउटमध्ये फुटपाथ नव्हता, तेव्हापासून राऊतसाहेब त्याच्यावरून चालत.

यवतमाळच्या कडेला, जिथे कालपरवापर्यंत कपाशीची पऱ्हाटी उभी होती, त्या वावराचे प्लॉट पडले होते. थोडी घरं झाली होती. बाकी नुसत्या खुंट्या आणि चुन्याच्या रेघा. आम्ही सगळे आडवेतिडवे जाऊन आपापलं घर गाठत असू. राऊतसाहेब मात्र चुन्याच्या रेघेच्या आतून जात, कोपऱ्यावर थांबत, पाय वीतभर उचलून खाली उतरल्यासारखे करत आणि पलीकडे पुन्हा चढल्यासारखे करत. मंजूर नकाशात फुटपाथ रस्त्यापेक्षा वीतभर उंच होता, म्हणून. आमच्या मंडळींनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हळूच विचारलं, "यायच्या पायाले काही झालं काय हो?"

पायाला काही झालं नव्हतं. ते नगरपालिकेत ओव्हरशियर होते.

नव्या लेआउटचा कायदा साधा होता. मालकाने दगड, गिट्टी, मुरूम घालून, रोलर फिरवून रस्ते करायचे, बाजूला नाली आणि फुटपाथ बांधायचा. ओव्हरशियरने ते पास केलं की नगरपालिका लेआउट ताब्यात घेणार, आणि मगच नळ येणार. तोवर आमच्या बायका वावरातल्या जुन्या विहिरीवर. रस्ता झाला होता, नालीही झाली होती. राऊतसाहेबांची सही तेवढी होत नव्हती.

लेआउटचे मालक आबासाहेब त्यांना समजवायला आले, तेव्हा मी तिथेच होतो. सोबत चहाची किटली होती.

"साहेब, हे काय मुंबई हाय? आपल्याकडं बैलबंडी रस्त्यानं जाते अन् माणूस बंडीमागं जाते."

"अन् बंडी समोरून आली तं? माणसानं पाय कुठं ठेवाचा?"

"बाजूले ठेवाचा."

"बाजूले काय हाय?"

बाजूला काळी माती होती. पावसाळ्यात ती चप्पल ठेवून घ्यायची आणि माणूस परत करायची. आबासाहेबांनी किटली पुढे केली. राऊतसाहेबांनी शांतपणे दोन कप चहा घेतला आणि निरोप दिला. चहा पिऊन सही न करणारा माणूस आबासाहेबांनी जन्मात पाहिला नसावा.

मग बायका निघाल्या. पाण्याचे रिकामे गुंड, म्हणजे हंडे, कमरेवर घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. साहेब बाहेर आले, आमच्या मंडळींच्या हातचा गुंड घेतला, विहिरीवर गेले, भरला आणि आमच्या घरात आणून ठेवला. डोक्यावर ओव्हरशियरची हॅट तशीच. "पाणी भरून देतो वहिनी. सही नाई देत." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "अशा माणसासंगं भांडावं तरी कसं?" म्हणत बायकोने शस्त्र खाली ठेवलं.

मला मात्र राग आला होता. मी तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, दिवसभर रुई नाकात, आणि घरी आलो की अंघोळीला तांब्याभर पाणी. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि तोंड सोडलं. "साहेब, तुमचं काय जाते? तुमी एकटे जीव. तुमाले पाण्याची काय कदर?"

ते चुलीपाशी बसून भाकर थापत होते. भाकर पार वेडीवाकडी.

"एकटा नाई हो भाऊ," ते म्हणाले. "आमची सिंधू मुकुटबनले हाय, माहेरी."

मग त्यांनी सांगितलं. आधी ते दारव्ह्याला असताना असाच एक नवा लेआउट त्यांच्याकडे आला. मालक म्हणाला, फुटपाथ दिवाळीनंतर करतो. साहेबांनी भल्या मनाने पास करून टाकला आणि तिथेच भाड्याने राहायला गेले. भर पावसात समोरून बंडी आली, सिंधूताई बाजूला सरल्या, पाय चिखलात रुतला आणि शरीर नालीत गेलं. पाय मोडला. जोडला तो वाकडा जोडला.

"सिंधू म्हणते, त्या चिखलात मी आता पाय ठेवत नाई. मी दर महिन्याले जातो, सांगतो, फुटपाथ होऊन राह्यला. ते म्हणते, झाला की सांगा." त्यांनी भाकर उलटली. "सही करून पाहिली ना मी एकदा."

मी घरी आलो. त्यानंतर लेआउटमध्ये कोणी त्यांना सहीचं विचारलं की मीच खेकसायचो.

नळ नाही म्हणून प्लॉट खपेनात, तेव्हा आबासाहेबांनी हात टेकले. फुटपाथवर फरशी बसली. साहेबांनी जागोजागी तांब्याने पाणी ओतून पाहिलं, ते नालीकडे जातं की नाही. त्या नव्या कोऱ्या फरशीवर पहिला हक्क कुरड्यांनी गाजवला. बायकांनी घरोघरच्या साड्या अंथरून वाळवण घातलं. साहेब हात जोडून म्हणाले, "बाई हो, हे चालाले हाय," आणि स्वतःच एकेक साडी उचलू लागले. कुरड्यांचा चुरा झाला, पण सही झाली. आठवड्यात नळही आला.

साहेब लगेच एसटीने मुकुटबनला गेले आणि एकटेच परत आले. "ते म्हणते, उन्हाळ्यात काय, कुठंही चालता येते. पावसाळ्यात दाखवा."

पोळा झाल्यावर, पावसाची झड लागलेली असताना सिंधूताई आल्या. सायकलरिक्षा त्यांनी कोपऱ्यावरच थांबवली. बारीक चणीची बाई, हातात काठी. आम्ही सगळे दारात उभे होतो. त्या फुटपाथवर चढल्या आणि चालू लागल्या. साहेब खाली रस्त्यावरून, भिजत, त्यांच्या बरोबरीने. एकही फरशी हलली नाही.

घर आलं आणि दोघं थांबली.

फुटपाथपासून त्यांच्या दारापर्यंत अंगण होतं, आणि अंगणात घोटाभर काळा चिखल. साऱ्या लेआउटची फरशी तपासणारा हा माणूस स्वतःच्या अंगणातून रोज पायजमा वर करून उड्या मारत गेला होता. अंगण नकाशात नव्हतं. सिंधूताईंनी चिखलाकडे पाहिलं, मग मागे, रिक्षा गेली त्या बाजूला.

एवढ्यात आमची मंडळी घरात धावली, आमचे जेवायचे पाट घेऊन आली आणि तिने ते चिखलात टाकले. शेजारणींनीही आपापले आणले. दारापर्यंत पाटांची ओळ झाली. सिंधूताईंनी काठी नवऱ्याच्या हातात दिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेका पाटावर पाय ठेवत उंबऱ्याशी पोचल्या.

"हे कोणं पास केलं?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी वाकून शेवटचा पाट सरळ केला.

"पास हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

साहेब काठी धरून चिखलातच उभे राहिले. ते रडत होते, आणि आम्ही कुठे पाहावं ते आम्हाला कळत नव्हतं. शेवटी आमची मंडळीच म्हणाली, "जा ना साहेब घरात. पाट उद्या देजा."