व्हर्नरचा निरोप समारंभ

हेरिंग मासे खारवण्याच्या कारखान्यात त्या शुक्रवारी तागे आणि व्हर्नर या जुळ्या भावांचा निरोप समारंभ होता. दोघांनी सारी हयात शेजारी शेजारी उभं राहून बरण्या भरल्या होत्या. क्रीमचा केक होता, टेबलावर छोटे झेंडे होते. तागे "सगळ्यांचे आभार" एवढंच म्हणून खाली बसला. शहाणा माणूस! व्हर्नरला मात्र बोलायची खुमखुमी आली.

"डॉर्टे," तो मॅनेजर बाईंकडे वळला, "बारा वर्षं तुझी किटकिट ऐकली. तुझ्या हातची ती पाणचट कॉफी प्यायलो. तुझ्यासारखी कोरडी बाई अख्ख्या जटलंड प्रांतात सापडायची नाही. आता सकाळी उठून तुझं तोंड पाहायचं नाही, हीच माझी खरी पेन्शन!"

तागेने त्याचा कोट ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉर्टेने केकची सुरी पुसून ठेवली आणि व्हर्नरला बाजूला नेलं.

"केक खाऊन झाल्यावर सांगणार होते. तुमची पेन्शन अजून सुरू होत नाहीये. सहा महिने आहेत."

"काहीतरीच! ताग्याची झाली ना सुरू? आम्ही जुळे आहोत, बाई!"

"तागे एकतीस डिसेंबरचे. तुम्ही मध्यरात्र उलटल्यावरचे, म्हणजे एक जानेवारीचे. त्या नव्या वर्षात जन्मलेल्यांचं पेन्शनचं वय सरकारने अर्ध्या वर्षाने पुढे ढकललंय."

व्हर्नर मटकन बसला. आईने काटकसरीपायी दोघांचा वाढदिवस कायम तागेच्याच दिवशी केला होता, एकाच केकमध्ये. आपण वेगळ्या वर्षात जन्मलो हे गडी साफ विसरला होता.

"पण ढकललं कशाला?"

"लोक जास्त जगायला लागले, आणि कर भरणारी कमावती पोरं कमी झाली."

"मग मी काय लवकर मरू?"

"नका मरू. तुमचा राजीनामा मी पुढे पाठवलाच नाही. पाठवला असता तर पगारही गेला असता आणि पेन्शनही नाही. तुमचे सहाच महिने आहेत, व्हर्नर. मी पन्नाशीची. मला सत्तरीपर्यंत इथेच उभं राहायचंय, आणि तोवर ते आणखी लांबवतील."

व्हर्नरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मघाशी कसे धो धो फुटत होते!

सोमवारी तागेची जागा रिकामी होती. व्हर्नर मान खाली घालून आपल्या जागी गेला. तिथे त्याचा कप भरून ठेवलेला होता. त्याने घोट घेतला. बारा वर्षांत पहिल्यांदाच कॉफी कडक झाली होती, आणि ती काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना.