गोंदाला मनवणारे इंगळेदादा

इंगळेदादा कुणाच्याही घरी गेले की आधी स्टिकर शोधतात. फ्रिजच्या दारावरचं, खुर्चीच्या पायावरचं, नव्या बादलीच्या बुडाचं. सापडलं की त्यांचा अंगठा आपोआप कामाला लागतो. यजमान चहा घेऊन येईपर्यंत बादली दादांच्या मांडीवर असते. माझ्या भाच्याच्या मुंजीत गुरुजी "ताम्हन आणा" म्हणून ओरडत होते आणि ताम्हन दादांकडे होतं. पाठीवरचा कंपनीचा कागद अर्धा निघाला होता.

"गुरुजी, जरा थांबा. आत्ता सोडलं तर चिकटा राहून जाईल."

मुहूर्त थांबला. दादांच्या हातून ताम्हन काढून घ्यायची हिंमत अख्ख्या मांडवात कुणाची नव्हती. माझीही नव्हती, आणि मी कॉलेजात पोरांना वळण लावते.

थाटीपूर मोहल्ल्यात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. घरात माणसं दोनच, दादा आणि त्यांच्या थोरल्या भावाची पत्नी, वहिनीसाहेब. दादांनी लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "टाइमच नाही मिळाला, प्रोफेसरबाई." त्यांचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले आणि इथेच राहिले. "ते तलवारी पुसायचे, मी चिपा पुसतो. खानदानी काम आहे," असं ते छाती काढून सांगतात.

चिपा म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधल्या. काळ्या, चपट्या, दोन्ही अंगांनी गोमेसारखे पाय फुटलेल्या. शहरातल्या हजीरा भागातला एक कबाडी, म्हणजे भंगारवाला, जुन्या मशिनी फोडून विकतो. दादा त्याच्याकडून पिशवी भरून आणतात आणि ओसरीवर बसतात. चिपांवर वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या, टेप, त्यांचा पिवळा पडलेला गोंद. त्यावर दादा खोबरेल तेलाचा एक थेंब सोडतात आणि वाट बघतात. मग कान साफ करायची कापसाची काडी, मग थोडं स्पिरिट, मग जुना टूथब्रश. पाय चमकवायला शाळेतला खोडरबर. एकदा मी मदतीच्या उत्साहात नखाने खरवडायला गेले, तर असे दचकले की मीच घाबरले.

"जबरदस्ती नाही करायची हो! गोंदाला मनवावं लागतं. रागावला की अजून घट्ट धरतो."

शेवटी पंख्याखाली वाळवणं. "ओल राहता कामा नये. ओल राहिली की संपलं," हा त्यांचा मंत्र वहिनीसाहेबांनाही तोंडपाठ.

एवढ्या घासूनपुसून ठेवलेल्या चिपांचं पुढे काय करतात? काही नाही. डब्यात ठेवतात. मला वाटायचं, रिकामपणाचा छंद आहे. तसं नव्हतं, हे गेल्या हिवाळ्यात कळलं.

दादा आणि त्यांचे थोरले बंधू दोघेही महाराज बाडा चौकाजवळच्या एका छोट्या बँकेत होते. थोरल्यांकडे कॉम्प्युटर, दादा काउंटरवर. मग ती बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, रंग बदलला, प्रत्येक टेबल-खुर्चीवर जुन्या बँकेच्या स्टिकरवर नव्या बँकेचं स्टिकर बसलं. दादा स्वतःची ओळख "विलीन कर्मचारी" अशी करून देत. नवे साहेब त्यांना "पुराने वाले" म्हणत. "आमच्यावर फक्त स्टिकर लावायचं राहिलं होतं," दादा सांगतात, आणि हसतात, पण ते हसू काही मला खरं वाटत नाही.

विलीनीकरणाच्या आधी थोरल्यांनी संध्याकाळी थांबून थांबून एक पाटी तयार केली होती. लाल दिव्यांची, अक्षरं सरकत जाणारी. बँकेच्या दारावर लावायची होती. एकेक मराठी अक्षर त्यांनी चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून काढलं आणि एका चिपमध्ये भरलं. चालते की नाही हे बघायला त्यांनी त्यात एक ओळ घातली, जी ते रोज घरी फोन करून बोलायचे. "शालू, आज यायला उशीर होईल." शालू म्हणजे वहिनीसाहेब.

"मी एकदाच पाहिली. रात्री कुणी नव्हतं. दादासाहेब म्हणाले, उद्घाटनाला तुझ्या वहिनीला आणू, तेव्हा दाखवू," दादांनी मला सांगितलं. थोरल्यांना ते दादासाहेब म्हणत.

उद्घाटन झालंच नाही. थोरले अचानक गेले, पाठोपाठ बँक गेली, पाटी भंगारात निघाली. तेव्हापासून दादा हजीऱ्याला चकरा मारत होते. एवढ्या वर्षांचं ते पिशव्या भरणं, ते गोंद मनवणं, सगळं वाट पाहता पाहता लागलेली सवय होती. आणि गेल्या हिवाळ्यात ती पाटी खरंच मिळाली.

दिवे ठीक होते. चिपवर मात्र टेप वितळून गोंद पार पायांपर्यंत ओघळला होता. या जातीच्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते, हे मला दादांनीच शिकवलं. त्या खिडकीतून ऊन आत जात राहिलं तर आतलं सगळं पुसून जातं. म्हणून वर कागदाची पट्टी लावलेली असते. पट्टीला धक्का न लावता भोवतीचा गोंद काढायचा होता. दादा हिवाळाभर त्या एका चिपला मनवत होते. वहिनीसाहेबांना काही सांगितलं नव्हतं. "चालली तर दाखवीन. नाही चालली तर उगाच आस लावून काय फायदा?"

मे महिन्यात मावसबहीण आजारी पडली म्हणून दादांना नागपूरला जावं लागलं. चांगले तीन-चार आठवडे गेले. परतले त्या संध्याकाळी मी आमरसाची वाटी घेऊन गेले होते. वहिनीसाहेब दारातच डबी घेऊन उभ्या.

"भावजी, बघा! तुम्ही इतके दिवस त्रासलात ना हिच्यापायी? मी केली साफ. तुमच्यासारखीच, खोबरेल लावून. तो वरचा कागद पण निघाला."

चिप लखलखत होती. पाय चांदीसारखे, पाठीवरची खिडकी आरपार स्वच्छ.

"आणि वाळवली कुठे?" दादांनी विचारलं.

"गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी. रोज सकाळी ठेवायची, संध्याकाळी आत आणायची. ओल राहता कामा नये ना!"

माझ्या हातातली वाटी कलली. दादांनी चिपची खिडकी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "छान निघालीये. मला नसती जमली."

"मग लावून बघा की!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, नका लावू. दादांनी कोपऱ्यातली पाटी पुढे ओढली, चिप बसवली, बटण दाबलं. पुसलेली चिप अंधार दाखवत नाही. एकूण एक दिवा पेटतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत खोली लाल झाली. अक्षर एकही नव्हतं.

"अगं बाई, केवढा उजेड! काय आहे हे, भावजी?"

"दादासाहेबांनी केलेली पाटी आहे, वहिनीसाहेब. बँकेसाठी."

"ह्यांनी?" त्या जवळ गेल्या, हात पुढे करून थांबल्या. "काय लिहून यायचं हिच्यावर?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"काही नाही. नुसती लागायची. अशीच."

वहिनीसाहेबांनी पदर घेऊन पाटीवरची धूळ हळूहळू पुसली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी शेजारी राहायला आल्यापासून पाहिला नव्हता. मला रडू आलं, ते मी आमरस ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन आवरलं.

आता रोज दिवेलागणीला वहिनीसाहेब देवापुढे निरांजन लावतात आणि आतून हाक मारतात, "भावजी, ह्यांची पाटी लावा." दादा हातातलं काम बाजूला ठेवतात, उठतात आणि लावतात.