सूर्याच्या सत्काराला सावली

हे लिहिणारच नव्हतो. ज्यांच्या गच्चीवर पॅनेल बसवले त्यांच्याच गच्चीची टिंगल करायची, म्हणजे पुढची कामं गेलीच. पण एक सत्य सांगायलाच हवं: कुणाचाही मान राखायचा तर समिती लागते. समितीशिवाय राखलेला मान कुणाच्या लक्षात राहतो?

तर ज्यू लोकांत दर अठ्ठावीस वर्षांनी एका बुधवारी सूर्याची प्रार्थना असते. जगाच्या सुरुवातीला सूर्य जिथे ठेवला होता तिथेच तो त्या दिवशी परत येतो, असं मानतात. सूर्य डोळ्यांनी बघायचा आणि दिवसाचा पहिला पाव भाग सरायच्या आत दोन ओळी म्हणायच्या. (प्रार्थना सूर्याची नाही, सूर्य घडवणाऱ्याची. हे धर्मगुरूंनी दर बैठकीत सांगितलं. इतिवृत्तात दर वेळी सूर्याचीच लागली.) इतक्या सोप्या कामात सिनेगॉगच्या समितीने हात घातला नसता तरच नवल.

समितीने ठरवलं, सूर्याचा खरा गौरव म्हणजे सिनेगॉगच्या गच्चीवर सौरऊर्जा. उद्घाटन त्याच सकाळी. आणि पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून पॅनेल उंच खांबांवर, मांडवासारखे, इंच न् इंच गच्ची झाकून. भेटायचं सूर्याला आणि सोय उन्हापासून! याला म्हणतात नियोजन.

लंबू, म्हणजे माझा कामातला जोडीदार, त्याच समाजातला. तो सेक्रेटरींना म्हणाला, "काका, पण मग सूर्य दिसणार कुठून?"

"दिसायचंय काय त्यात? रोज तर दिसतो. तू बोल्ट आवळ."

आवळले.

लंबूच्या आजोबांचा मात्र जीव त्या दोन ओळींत अडकलेला. तरुणपणी ढग आडवे आले. पुढच्या खेपेला पोटाचं ऑपरेशन. "यानंतर मी काही नसतो रे बाबांनो," एवढंच म्हणायचे.

बुधवारी आम्ही त्यांना खुर्चीसकट वर नेलं. लख्ख ऊन. सूर्य समोरच्या इमारतीआडून निघाला तो थेट पॅनेलच्या आड गेला. खाली गारेगार सावली, दोनशे माणसं, पंखे, माईक आणि मोठ्या पडद्यावर सूर्य, लाइव्ह. (हे सगळं चालत होतं सूर्यावरच. सत्कारमूर्तीलाच सतरंज्या उचलायला लावायच्या, याला बहुतेक स्वावलंबन म्हणतात.)

"पडद्यावरचा चालेल ना?" सेक्रेटरींनी धर्मगुरूंना विचारलं.

"नाही चालणार."

"बरं, मग अध्यक्षांचं होऊ दे. नंतर बघू."

अध्यक्षांनी सूर्याची ओळख करून दिली. वय, वजन, अंतर. मग समितीची ओळख. सूर्याला जेवढा वेळ दिला त्याच्या पाचपट. बरोबरच आहे, सूर्याने एकाही बैठकीला हजेरी लावली नव्हती.

आजोबांनी घड्याळ बघितलं. "लंब्या, हीपण खेप गेली रे."

"जाते कशी? बसा तुम्ही."

लंबूने मेन बंद केला, मी शिडी लावली. माईक "आमच्या अथक" इथवर येऊन मेला. चार बोल्ट, दोन वायरी, आणि आम्ही दोघांनी एक पॅनेल खाली उतरवलं. उन्हाचा चौकोन बरोब्बर आजोबांच्या अंगावर. ते खुर्चीचे हात धरून उठले, वर बघितलं आणि दोन ओळी म्हटल्या. डोळ्यांतून पाणी. (उन्हाने, म्हणाले.) धर्मगुरू घाईघाईने त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

बाकीचे ओरडले, "अहो, ऊन येतंय इकडे!" आणि खुर्च्या सावलीत ओढल्या.

समितीचा अहवाल अजून यायचाय. माझा असा: उपस्थिती दोनशे. सूर्य पाहिलेले चार, त्यात आम्ही दोघं शिडीपाशी. गैरसोय झालेले एकशे शहाण्णव. कार्यक्रम यशस्वी.

हे लंबूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लोक हसतील रे त्यांना. आणि हसता हसता मोबाईलवर चमकतंय म्हणून उठून खिडकीचा पडदा ओढतील, भरदिवसा ट्यूब लावतील आणि मग पुढे वाचतील."

"मग शेवटी लिहितो ना, पडदा उघडा म्हणून."

"येडा आहेस का? उद्याची गिऱ्हाइकं आहेत ती आपली. शब्द दे, कुणाला पडदा उघडायला सांगणार नाहीस."

दिलाय शब्द. तेव्हा तुम्ही बसा निवांत.